सुकाणू नसलेल्या बोटीचे शिक्षण

गोव्यातल्या मांडवी किंवा शापोरा नदीत मासे पकडायला निघालेल्या लहान होडीला बहुधा सुकाणू नसते. होडीवाला मागे बसतो, हातात एकच वल्हे धरतो आणि त्याच पात्याने होडी ढकलतो आणि वळवतोही. यंत्र आले तेव्हा या एका कामाची दोन कामे झाली. पाण्याखालचा पंखा फक्त ढकलू लागला आणि त्याच्या मागचे सुकाणू फक्त वळवू लागले. जहाज हाताळण्याचे गेल्या दीडशे वर्षांतले सारे शिक्षण या वाटणीवर उभे आहे. हुकमाचे शब्द, परीक्षेतले प्रश्न, संकटात आपोआप होणारी हाताची हालचाल, सगळे तिच्यातूनच घडले. अझिमथ थ्रस्टर नावाच्या यंत्राने ही वाटणी मोडली. यात पंखाच उभ्या आसाभोवती ३६० अंशांत फिरतो आणि जिकडे फिरेल त्या रोखाने बोटीला ढकलतो, म्हणून वेगळे सुकाणू लागत नाही. यंत्र होडीच्या जुन्या तत्त्वाकडे परतले, पण ते चालवणारी माणसे सुकाणूच्या शाळेत शिकलेली आहेत. अशी बोट जितकी चपळ, तितके तिच्या चालकाचे, बंदराच्या पायलटचे आणि सोबतच्या खलाशांचे शिक्षण अधिक काटेकोर असायला हवे, आणि ते बोट धक्क्याला लागण्याआधी व्हायला हवे, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे. गोव्याच्या नद्या हे म्हणणे तपासून पाहायला चांगली जागा आहेत.

आधी जुनी पद्धत समजून घेऊ. पेडणे तालुक्यात केरी आणि तेरेखोल यांच्यामध्ये फेरीबोट चालते. नदी तिथे समुद्राला मिळते, त्यामुळे भरती-सुकतीचा प्रवाह फेरीच्या वाटेला जवळजवळ काटकोनात छेदतो. सुकतीला सारंग, म्हणजे फेरीचा चालक, समोरच्या धक्क्याकडे सरळ नाळ धरत नाही. ती प्रवाहाच्या वरच्या अंगाला रोखून बोट तिरकी नेतो आणि धक्क्यासमोर पोहोचता पोहोचता सरळ करतो. खरी परीक्षा शेवटच्या पन्नासेक मीटरमध्ये असते. सुकाणूवर पाणी वेगाने आदळत असते तोवरच त्याचा उपयोग. वेग कमी करायला इंजिन मंद केले की पंख्यामागचा झोत मरतो आणि सुकाणू जवळजवळ निकामी होते. इंजिन उलटे फिरवले तर पंख्याच्या फिरण्यामुळे बोटीची पिछाडी एका बाजूला सरकते, आणि ती कुठल्या बाजूला सरकेल हे आपल्या बोटीपुरते चालकाला पाठ असावे लागते. म्हणून मुरलेला चालक धक्क्याजवळ सुकाणू वळवून इंजिनाचा एक छोटा झटका पुढे देतो. बोटीचा वेग फारसा वाढत नाही, पण झोत सुकाणूवर आदळून पिछाडी हवी तिकडे सरकते. तुये-कामुर्लीला शापोऱ्यावर आणि डिचोलीतल्या नार्व्याहून दिवाडीला जाताना मांडवीवरही हेच कौशल्य पणाला लागते. हे पुस्तकात वाचून येत नाही. हजारो फेऱ्यांनंतर ते हातात उतरते.

अझिमथ थ्रस्टर या साऱ्या अडचणी एका फटक्यात दूर करतो असे वाटते, आणि बऱ्याच अंशी तो करतोही. जर्मनीत योझेफ बेकर यांच्या शोट्टेल कंपनीने १९५० मध्ये फिरता पंखा तयार केला. त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, ऑस्ट्रियाच्या एर्न्स्ट श्नायडर यांनी उभी पाती गोल फिरवून कुठल्याही दिशेला जोर देणारे यंत्र आखले होते. ते फॉइथ-श्नायडर या नावाने आजही फेरीबोटींत आणि मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या टगमध्ये वापरले जाते. पुढे विजेची मोटरच पाण्याखालच्या शेंगेसारख्या कवचात बसवली गेली. अशा पॉडचे पहिले जहाज फिनलंडमध्ये १९९० मध्ये चालू लागले आणि १९९८ मध्ये ‘कार्निव्हल इलेशन’ या मोठ्या प्रवासी जहाजाला पॉड लागले. बंदरातल्या बहुतेक आधुनिक टगना आज पिछाडीला दोन फिरते थ्रस्टर असतात. अशी बोट जागच्या जागी गिरकी घेते, आडवी सरकते, आणि पाण्यातला वेग शून्यावर आला तरी तिचा ताबा सुटत नाही. केरीच्या धक्क्याला शेवटच्या पन्नास मीटरमध्ये सारंगाला जी कसरत करावी लागते, ती अशा बोटीत दोन हातांच्या दोन दांड्यांनी होते.

अडचण त्या दांड्यांपाशीच सुरू होते. चाक उजवीकडे फिरवले की नाळ उजवीकडे जाते, हे सुकाणूच्या शिक्षणाचे पहिले वाक्य. पिछाडीचे थ्रस्टर पिछाडीला उजवीकडे ढकलू लागले तर नाळ डावीकडे जाते. दांड्याचे टोक बोट कुठे ढकलली जाईल ते दाखवते, की पंख्याचे तोंड कुठे आहे ते, हे सगळीकडे सारखे नसते. एका बोटीवरून दुसरीवर गेलेल्या माणसाच्या हाताला हा फरक शेवटच्या क्षणी कळू शकतो. शिवाय थांबणे म्हणजे इंजिन बंद करणे, ही सवयही इथे उपयोगी पडत नाही. कुशल चालक दोन्ही थ्रस्टर एकमेकांविरुद्ध आडवे धरतो. जोर चालू असतो, पण तो एकमेकांना काटतो आणि बोट उभी राहते. मग एका दांड्याला किंचित कोन दिला की हवी ती हालचाल ताबडतोब मिळते. नवशिक्या हाच जोर शून्यावर आणतो, आणि पुन्हा ताकद लागते तेव्हा मोलाचे सेकंद हातून जातात. थ्रस्टरला पुढून पूर्ण मागे वळायला साधारण दहा-पंधरा सेकंद लागतात. त्या अवधीत तो जोर आडवा फेकत फिरत असतो, आणि कुठल्या बाजूने फिरवायचा हे आधी ठरवले नसेल तर बोट नको त्या दिशेला झुकते. सुकाणूची चूक बहुधा हळूहळू वाढते आणि ती दुरुस्त करायला वेळ मिळतो. इथे चूक पूर्ण ताकदीनिशी आणि त्याच क्षणी होते.

दुसरी अडचण बोलण्याची आहे, आणि माझ्या मते ती हाताच्या अडचणीपेक्षा मोठी आहे. मुरगाव बंदरात येणाऱ्या परदेशी जहाजावर बंदराचा पायलट चढतो तेव्हा तो सहसा स्वतः काही हाताळत नाही, हुकूम देतो. ‘उजवीकडे दहा’, ‘मधोमध’, ‘डेड स्लो अहेड’. सुकाणू धरणारा खलाशी हुकूम मोठ्याने परत म्हणतो, अमलात आणतो आणि झाले की पुन्हा कळवतो. कॅप्टन, अधिकारी, सगळे ते ऐकतात. कोणी चुकले तर दुसऱ्याच्या कानाला खटकते. ही साधी साखळी म्हणजे जहाजाच्या सुरक्षिततेची एक भिंत आहे. दोन थ्रस्टर आले की प्रत्येकाचा कोन आणि प्रत्येकाची ताकद, असे चार आकडे दर काही सेकंदांनी बदलू लागतात. ते तोंडाने सांगता येत नाहीत. मग कॅप्टन स्वतः दांडे हाती घेतो आणि पायलट बाजूला उभा राहतो. ज्याला इथले पाणी कळते त्याच्या हातात यंत्र नसते, ज्याच्या हातात यंत्र असते त्याला इथले पाणी कळत नाही, आणि दोघांमध्ये बोलणे जवळजवळ उरत नाही. युरोपीय संघाच्या निधीतून न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने २००८ मध्ये सुरू झालेला ‘अझिपायलट’ प्रकल्प नेमका अशा प्रश्नांसाठी होता: हे यंत्र माणसाला सहज कळेल असे कसे करावे आणि पायलटांना ते कसे शिकवावे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २००३ च्या ए.९६० या ठरावातही पायलटच्या अभ्यासक्रमात, ज्या प्रकारची जहाजे त्याला आणायची आहेत त्यांचे वागणे आणि त्यांच्या प्रणोदन व वळण यंत्रणेच्या मर्यादा, हे धरलेले आहे. उपाय म्हणून पायलटने कोनाऐवजी हेतू सांगायला शिकावे. ‘पिछाडी डावीकडे, हळू’, ‘नाळ अशीच, पुढे दोन नॉट’, असे. आणि कॅप्टनने आपण काय करतो आहोत ते चढ्या आवाजात बोलत राहावे. हे छोटे वाटते, पण सरावाशिवाय माणसे तणावात गप्पच होतात.

पायलटला थ्रस्टर कळून काय करायचे, तो कॅप्टनचा प्रश्न आहे, असा आक्षेप घेतला जातो. त्याला दोन अपघातांनी उत्तर दिले आहे. ११ नोव्हेंबर २०१० रोजी नेदरलँड्समधल्या हुक ऑफ हॉलंडजवळ ‘स्टेना ब्रिटानिका’ या मोठ्या फेरीला जोरदार वाऱ्यात मदत करायला ‘फेअरप्ले २२’ हा टग आला. हा दोन अझिमथ थ्रस्टरचा टग होता. दोर घेण्यासाठी तो फेरीच्या नाळेपाशी गेला, तिच्या ओढीत सापडला आणि उलटला. दोन माणसे गेली. मोठ्या जहाजाच्या नाळेभोवतीचे पाणी टगला ओढते-ढकलते, आणि वेग वाढला की ही ओढ झपाट्याने वाढते. फेरीचा वेग इतका होता की सोबत राहण्यातच टगची बहुतेक ताकद खर्ची पडत होती, सटकायला राखीव ताकद थोडीच उरली. मोठ्या जहाजाचा वेग टगचा चालक ठरवत नाही, तो जहाजाच्या ब्रिजवर ठरतो. दुसरा अपघात उलट बाजूचा आहे. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकजवळ ‘हेब्रिडियन प्रिन्सेस’ला मदत करणारा ‘बायटर’ हा जुन्या पद्धतीचा, पंखे आणि सुकाणू असलेला टग दोराने आडवा ओढला जाऊन काही सेकंदांत उलटला. तिथेही दोघे दगावले. टगचा चालक आणि पायलट या दोघांचेही प्रशिक्षण त्यांच्या त्या दिवशीच्या भूमिकेसाठी पुरेसे नव्हते, हे ब्रिटनच्या अपघात-अन्वेषकांनी नोंदवले. दोन्ही अपघात एकत्र वाचले की दिसते ते असे: नवे यंत्र वाईट आणि जुने चांगले, किंवा त्याउलट, असा हा वाद नाही. समोर कुठले यंत्र आहे आणि ते कुठे हार मानते, हे हुकूम देणाऱ्याला माहीत असले पाहिजे.

अनुभव हेच शिक्षण, तीस वर्षे फेरी चालवणाऱ्याला वर्गात का बसवायचे, हा आक्षेप गोव्यात हमखास ऐकू येईल, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. वारा, प्रवाह, वाळूचे दांडे, धक्क्याची चिखलाची बाजू, या गोष्टी मुरलेल्या सारंगाइतक्या कुठल्याही शिक्षकाला माहीत नसतात, आणि नव्या बोटीतही त्या तितक्याच लागतात. पण अनुभवाचे दोन भाग असतात. पाण्याची जाण नव्या बोटीत जशीच्या तशी चालते. हाताची सवय मात्र आडवी येते, कारण संकटात माणूस विचार न करता जे करतो तेच जुने असते. इंग्लंडमधल्या काउझ बंदरात २१ ऑक्टोबर २०१८ रोजी दाट धुक्यात ‘रेड फाल्कन’ ही फेरी एका नांगरलेल्या नौकेवर आदळली आणि पुढे गाळात रुतली. तिला दोन्ही टोकांना फॉइथ-श्नायडर यंत्रे होती, मास्टर अनुभवी होता. धुक्यात बोट गरकन फिरली, त्याचे दिशाभान सुटले, पडद्यावरच्या नकाशात तो अडकला आणि बोट उलट्या दिशेला गेली. यंत्रे एकट्याच्या हातात असल्यामुळे ब्रिजवरचे बाकीचे जण त्याच्या मनात काय चालले आहे ते ओळखून त्याला सावरू शकले नाहीत. गिरकी घेऊ शकणारी बोट दिशाभानही तितक्याच लवकर हरवू शकते. म्हणून अनुभवी माणसाला आधी शिकवायला हवे ते जुनी सवय ओळखून थोपवणे, आणि चुकलो तर शेजारच्याला बोलू देणे.

यंत्रवाले म्हणतील, दांड्यांचा घोळच नको, एकच जॉयस्टिक द्या, संगणक ताकद वाटून देईल. जॉयस्टिकने रोजचे काम सोपे होते यात शंका नाही. पण ती थ्रस्टर काय करत आहेत ते चालकापासून लपवते. एक थ्रस्टर बंद पडला, किंवा नदीतले ओंडके किंवा जाळी पंख्यात अडकली, की चालकाला हाताने एकेक यंत्र चालवावे लागते, आणि ते त्या क्षणापर्यंत त्याने क्वचितच केलेले असते. स्वयंचलित साधनामुळे शिक्षणाची गरज संपत नाही. शिकायचा विषय तेवढा बदलतो: एका थ्रस्टरवर घरी येणे, आणि जॉयस्टिक गेली तर पहिल्या पाच सेकंदांत काय करायचे.

गोव्याच्या छोट्या नद्यांना हे सगळे परदेशी बंदरांचे प्रश्न कशाला, असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर फेरीच्या बदलत्या रूपात आहे. जुलै २०२५ मध्ये रायबंदर-चोडण मार्गावर ‘गंगोत्री’ आणि ‘द्वारका’ या रो-रो फेरी सुरू झाल्या. चोडणपलीकडे मये आणि डिचोली लागते, म्हणून पणजीला येणाऱ्या कित्येक डिचोलीकरांची हीच वाट आहे. बोटी मोठ्या आणि वेगवान होत चालल्या आहेत, आणि पुढची पायरी विजेची आहे. विजेची मोटर थ्रस्टरशी सहज जोडता येते. नॉर्वेत २०१५ मध्ये सुरू झालेली ‘अँपिअर’ ही मोटारी वाहणारी पहिली विजेची फेरी फिरत्या थ्रस्टरवरच चालते. म्हणजे विजेची फेरी आली की तिच्याबरोबर अझिमथ येण्याची शक्यता मोठी. शिवाय इथल्या नद्यांचा एक प्रश्न परदेशी पुस्तकांत सहसा सापडत नाही. मांडवीच्या काठाला खाजन शेती आहे. खारे पाणी अडवणारे मातीचे बांध आणि भरती-सुकतीला उघडझाप करणारी मानस, यांवर ती उभी आहे. डिचोली तालुक्यातल्या सारमानसच्या बाजूने खनिज घेऊन जाणाऱ्या बार्जांच्या लाटांनी बांध खचतात ही तक्रार जुनीच आहे. २०२४ मध्ये डिचोलीची खाण पुन्हा सुरू झाली आणि नदीतली वर्दळ परत वाढू शकते. सुकाणूच्या बोटीचा झोत मागे जातो, फिरत्या थ्रस्टरचा झोत सरळ काठाकडे रोखला जाऊ शकतो. धक्क्याला बोट आडवी धरून ठेवणारा चालक सुरक्षित असतो, पण त्याच वेळी तो बांधाची माती धुऊन काढत असेल. उथळ पाण्यात हाच झोत तळ उकरून गाळ उडवतो आणि तोच गाळ इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्यांत जातो. म्हणून गोव्यातल्या अभ्यासक्रमात काठापासून किती अंतरावर किती कोन आणि किती ताकद, हा धडा असायलाच हवा.

हे शिकवायचे कुठे आणि कसे? फ्रान्समध्ये ग्रेनोबलजवळच्या पोर्ट रेव्हेलच्या तळ्यात १९६७ पासून पायलट आणि कॅप्टन प्रतिकृतींवर शिकतात. पोलंडमधल्या इवाव्यात आणि इंग्लंडमधल्या टिम्सबरीतही अशी तळी आहेत. १:२५ प्रमाणाच्या बोटीत माणूस बसतो आणि ती खऱ्या पाण्यात खऱ्या लाटांना तोंड देत चालवतो. काळ लांबीच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणून इथे तो पाचपट धावतो: खऱ्या जहाजाला तासभर लागणारा डाव बारा मिनिटांत उरकतो, आणि एका दिवसात तीच चूक अनेकदा करून पाहता येते. चूक करायची मुभा असलेली जागा, हेच या पद्धतीचे मर्म. डिचोलीत डोंगरांनी वेढलेला मयेचा तलाव आहे. तशा जलाशयाचा एखादा कोपरा आखून, तळाला उथळ पट्टा आणि कृत्रिम प्रवाह देऊन, पाच-सहा मीटरच्या दोन-तीन प्रतिकृतींनी सुरुवात करता येईल. प्रतिकृतीवर वारा जास्त लागतो आणि यंत्राचा अनुभव अपुरा राहतो, हे खरे. म्हणून तिच्यापुढे सिम्युलेटर आणि शेवटी खरी बोट, असा क्रम हवा: आधी मोकळ्या पाण्यात, मग भांगाच्या संथ भरतीला, आणि अखेरीस उधाणाच्या सुकतीला, एक थ्रस्टर बंद ठेवून. ब्रिटोण्याच्या सागरी शाळेत अंतर्गत जलमार्गांच्या खलाशांचे शिक्षण चालते, कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे परवान्यांचा कारभार आहे, बेतीच्या नदी परिवहन खात्याकडे फेरी आहेत आणि मुरगावला पायलट आहेत. चौघांना एकत्र बसवण्याची तेवढी गरज आहे.

खर्चाचा आक्षेप शेवटी उरतो, आणि त्याला तपशिलात उत्तर द्यायला हवे. नव्या फेरीची निविदा काढताना किंमत, क्षमता, इंधन हे सगळे लिहिले जाते. चालकाला बोट ताब्यात देण्याआधी किती दिवसांचे शिक्षण, कोण देणार आणि कशाने तपासणार, हेही त्याच निविदेत यावे. म्हणजे शिक्षणाचा खर्च बोटीच्याच किमतीत धरला जाईल, आणि बोट आल्यावर त्यासाठी वेगळी मंजुरी मागत बसावे लागणार नाही. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ चा अंतर्गत जलवाहतूक नौका कायदा आला, तो देशभरात सारख्या मानकांसाठीच. त्याच धर्तीवर सारंगाच्या आणि मास्टरच्या प्रमाणपत्रावर, कुठल्या प्रकारच्या प्रणोदनावर परीक्षा झाली आहे, असा शेरा मारणे अवघड नाही. ज्याच्या प्रमाणपत्रावर तो शेरा नाही, त्याने प्रवासी घेऊन अझिमथची बोट चालवू नये, इतका साधा नियम पुरे. असा नियम तेव्हाच झोंबतो जेव्हा बोट आधीच धक्क्याला येऊन उभी असते आणि शिकलेले माणूस कोणीच नसते. गोव्याला आज हातात वेळ आहे, कारण त्याच्या नद्यांवरची सवय अजून बहुतेक सुकाणूची आहे. नवे यंत्र शिकवायचे असेल तर ते याच सारंगांना, त्यांचे पाण्याचे ज्ञान पायाभूत धरून, बोट येण्याआधी शिकवणे हाच सर्वांत स्वस्त मार्ग आहे.